पेटी दुरुस्ती शिकायची तर: पाच दिवसांचं शिबिर, जुनी पेटी आणि पहिलं वर्ष

श्रावण लागला की आमच्या सिंधुदुर्गात माळ्यावरच्या पेट्या, म्हणजे हार्मोनियम, खाली उतरतात. गणपतीत घरोघरी आरत्या आणि भजनं, त्यानंतर दोन भजनी बुवांमधले डबलबारीचे सामने. आणि नेमकं तेव्हाच कळतं की मधल्या सप्तकातली काळी दोन मुकी झाली आहे, भाता फुसफुसतो आहे, एक पट्टी दाबली की वरच येत नाही. दुरुस्त करणारा माणूस लांब, त्याच्याकडे त्या महिन्यात रांग. शेवटी मंडळ तसंच वाजवतं आणि गाणारा बिचारा त्या मुक्या सुराला वळसा घालून गातो.

मी या कामात आलो तो अशाच एका पेटीमुळे. पश्चिम महाराष्ट्रातल्या एका कारागिराच्या कारखान्यात पाच दिवस बसून शिकलो, आणि मग तीन पावसाळे गावच्या पेट्यांवर हात बसवला. पाच दिवसांत कोणी कारागीर होत नाही. पण भजनी पेटीच्या बहुतेक तक्रारी हवेच्या आणि पट्ट्यांच्या असतात, सुरांच्या फार थोड्या. हवा आणि पट्ट्या पाच दिवसांत नीट शिकता येतात. सुरांचं काम मात्र त्या पाच दिवसांत फक्त पाहायचं आणि भंगारातल्या सुरांवर, म्हणजे रीडवर, करून बघायचं. एवढं धरून चाललात तर तुमच्या हातून एकही पेटी बिघडणार नाही.

शिबिर निवडताना

अशा शिबिरांच्या जाहिराती फारशा दिसत नाहीत. वाद्यांच्या दुकानात, संगीत विद्यालयात, जुन्या पेटीवादकांकडे विचारत राहावं लागतं. मिरज सतार-तंबोऱ्यासाठी प्रसिद्ध, पण तिथं किंवा पुण्या-मुंबईकडे, कोल्हापुरात वाद्यांच्या दुकानात चौकशी केली की पेटीचं काम कोण करतं ते कळतं. ठरलेलं शिबिर नसेल तरी सीझन नसताना चार-पाच दिवस शेजारी बसू देणारा कारागीर भेटू शकतो. गणपतीच्या आधीचे दोन महिने मात्र विचारूच नका, त्यांना मान वर करायला वेळ नसतो.

पैसे भरण्याआधी तीन गोष्टी विचारा. प्रत्येकाला स्वतःची पेटी खोलायला मिळणार का, की एकच पेटी मधे ठेवून सगळे भोवती बसणार? भाता पूर्ण उलगडून परत चिकटवायला शिकवणार का? आणि आपली बिघडलेली पेटी सोबत आणली तर चालेल का? तिसऱ्याचं उत्तर ‘हो’ असेल तर ती जागा चांगली. शिकवणाऱ्यामागे पाच-सहापेक्षा जास्त माणसं असतील तर जाऊ नका, कारण हे काम हाताला हात लावून शिकायचं आहे. मी आधी एका ठिकाणी गेलो होतो, तिथं वीसेक जण होतो आणि दोन दिवस भिंतीवर चित्रं पाहिली. घरी आलो तेव्हा पेटीचा एक स्क्रूसुद्धा मी काढलेला नव्हता.

शिबिरात प्रमाणपत्र मिळतं की नाही याला माझ्या लेखी किंमत नाही. परत निघताना तुम्ही खोललेली पेटी तुमच्याच हातानं बंद होऊन वाजली पाहिजे, तेवढं पुरे.

जाण्याआधी

एक भंगार पेटी मिळवा. ही सगळ्यात महत्त्वाची तयारी. शाळेत, देवळाच्या खोलीत, कुणाच्या तरी माळ्यावर उंदरांनी भाता कुरतडलेली पेटी हमखास पडून असते. मालकाला स्पष्ट सांगा की शिकायला नेतोय, वाजेलच असं नाही.

हत्यारं साधी लागतात. वेगवेगळ्या तोंडाचे दोन-तीन स्क्रूड्रायव्हर, बारीक चिमटा, मऊ ब्रश, पॉलिश पेपर, घड्याळजीकडे असते तशी अगदी बारीक कानस, दाढीचं पातळ ब्लेड, पेन्सिल आणि मोबाइलवर ट्यूनर. सुटे स्क्रू ठेवायला झाकणाच्या छोट्या डब्या घ्या. कातडं आणि सरस शिबिरात मिळतो, पण पुढे कुठून घ्यायचा ते तिथंच विचारून ठेवा.

पट्ट्यांची नावं पक्की हवीत. पांढरी एक म्हणजे सी, काळी एक सी शार्प, असं करत पांढरी सात म्हणजे बी. साडेतीन सप्तकांच्या पेटीला ४२ पट्ट्या असतात. सुरांच्या दोन ओळी असतील तर सूर ८४, तीन ओळी असतील तर १२६. ओळींना खर्ज, नर आणि मादी म्हणतात. रीडला आम्ही सूरच म्हणतो: पितळेच्या चौकटीत एका टोकाला रिव्हेट केलेली पातळ पितळी जीभ, हवा आली की ती चौकटीच्या आतबाहेर थरथरते.

झाकण बंद ठेवून ऐका

आमचे मिस्त्री पहिल्या दिवशी जेवणापर्यंत स्क्रूड्रायव्हर हातात घेऊ देत नव्हते. प्रत्येक पट्टी, प्रत्येक स्टॉप (सुरांच्या एका ओळीला हवा सोडणारी, पुढची ओढायची खुंटी) वेगळा उघडून, वाजवून कागदावर लिहायचं. काळी दोन, मधलं सप्तक, नराची ओळ: मुका. पांढरी पाच, खर्ज: उशिरा बोलतो. मला तेव्हा वाटलं वेळ जातोय. आता मी स्वतः त्याशिवाय पेटी उघडत नाही.

कारण तक्रार आणि दोष एकच नसतात. ‘सूर बसलेत’ म्हणून आलेली पेटी अनेकदा सुरात असते, भात्यात हवाच टिकत नसते. म्हणून आधी सगळे स्टॉप बंद करा, तीन-चार वेळा भाता मारा आणि हात सोडा. आतला भाता किती वेळ फुगलेला राहतो ते पाहा. मग एक स्टॉप उघडून मधली एक पट्टी दाबा आणि एका भरलेल्या भात्यात ती किती वेळ बोलते ते मोजा. वीस मोजेपर्यंत सूर एकसारखा राहिला तर मी भात्याला हात लावत नाही. दहाच्या आत मान टाकली तर सुरांकडे बघायचंच नाही, आधी हवा.

पुढची खूण नीट समजून घ्या, तिनं माझे कित्येक तास वाचवले आहेत. पेटीत दोन भाते असतात: मागे आपण हातानं हलवतो तो, आणि आत स्प्रिंगवर बसलेला, हवा साठवणारा. दोन्हींमध्ये कातड्याची झडप असते, आणि बाहेरच्या भात्याच्या भोकांवर दुसरी. भाता मारताना हवा परत बाहेर फुसकन जात असेल तर बाहेरची झडप बसत नाही. भाता सोडल्यावर, म्हणजे बाहेरून हवा आत घेतली जात असताना, वाजणारा सूर दर खेपेला खाली जात असेल तर मधली झडप गळते आहे, बाहेरचा भाता आतलीच हवा परत ओढतोय. पेटी न उघडता एवढं कळतं.

भाता

गळती शोधायला लोक अगरबत्ती फिरवतात. जुनं कापड आणि कातडं वाळलेलं असतं, मला विस्तव जवळ न्यायला भीती वाटते. मिस्त्रींनी शिकवलेला उपाय सोपा आहे: गाल ओला करायचा आणि घडीच्या कडेकडेनं चेहरा न्यायचा. भाता भरलेला असताना भोकापाशी गार रेषा उठते. बोटाला जे जाणवत नाही ते ओल्या गालाला जाणवतं. सापडलं की पेन्सिलनं खूण.

भोकं बहुधा घड्यांच्या कोपऱ्यात असतात, तिथं कातडं सतत मुडपतं. ठिगळ मूळ कातड्याइतकंच पातळ हवं. त्याच्या कडा ब्लेडनं तिरक्या तासून कागदासारख्या करा, नाहीतर घडी मिटताना तिथंच अडकते आणि वर्षभरात शेजारी नवं भोक पडतं. चिकटवायला सरस. तो गरम पाण्याच्या भांड्यात वाटी ठेवून वितळवायचा, थेट आचेवर नाही. फेव्हिकॉलनं काम लवकर होतं हे खरं, पण सरस ओल आणि ऊब दिली की सुटतो. पुढच्या कारागिराला ते ठिगळ कातडं न फाटता काढता येतं. पेटी पन्नास-साठ वर्षं चालणारी वस्तू आहे, आपल्यानंतर ती कुणीतरी उघडणारच आहे.

ठिगळ लावल्यावर भाता अर्धवट उघडा ठेवून रात्रभर वाळू द्या. मिटून ठेवला तर घड्या एकमेकींना चिकटतात. झडपा तपासताना कातडं वाकडं झालंय की कडक, ते पाहा. वाकडं असेल तर बदला, दाबून सरळ केलेली झडप चार दिवस बसते आणि परत वळते. उंदरांनी भाता पोखरला असेल तर ठिगळं लावत बसू नका. तो पूर्ण नवा बांधावा लागतो, आणि ते काम पहिल्या वर्षात एकट्यानं करायचं नाही.

पट्ट्या

पावसाळ्यात लाकूड फुगतं. पट्टी दाबली की खाली राहते, किंवा शेजारणीला घेऊन उतरते. यावर लगेच पॉलिश पेपर काढणं ही माझी पहिली मोठी चूक होती. ऐन ऑगस्टमध्ये मी एका मंडळाच्या पेटीच्या चार पट्ट्या दोन्ही बाजूंनी घासल्या. गणपतीत मस्त वाजली. पुढच्या एप्रिलमध्ये लाकूड सुकलं, पट्ट्या खिळखिळ्या झाल्या, सुराचं भोक झाकणारी मागची गादी तिरकी बसू लागली आणि दोन सूर आपोआप वाजायला लागले. त्या पट्ट्या शेवटी नव्या कराव्या लागल्या आणि त्याचे पैसे मी भरले.

म्हणून आधी पेटी आठवडाभर कोरड्या खोलीत, जमिनीपासून वर, झाकण उघडं ठेवा. बऱ्याच पट्ट्या त्यातच सुटतात. तरीही अडकली तर पट्टीच्या दोन्ही कडांना पेन्सिलचं शिसं घासा, ती जागेवर ठेवून वीस-तीस वेळा दाबा आणि काढून उजेडात धरा. जिथं शिसं पुसून चकाकी आली तिथंच लाकूड लागतंय. तेवढ्या जागेवर दोन-तीन हात फिरवा, परत लावून बघा. सबंध बाजू घासू नका.

पट्ट्या काढण्याआधी प्रत्येकीच्या मागच्या बाजूला पेन्सिलनं आकडा लिहा, एक ते बेचाळीस. सारख्या दिसल्या तरी त्या एकमेकींच्या जागी बसत नाहीत.

हात न लावता वाजणाऱ्या सुराचं कारण गादीत असतं. पट्टीच्या मागे नमद्याची आणि कातड्याची गादी असते, ती भोक बंद ठेवते. खाली तांदळाचा दाणा, अक्षता, उदबत्तीची राख असं काहीही सापडतं. देवळातल्या पेटीत तर हमखास. साफ करूनही वाजत असेल तर पट्टीच्या मागच्या टोकावर हलकं बोट ठेवा. सूर थांबला तर स्प्रिंग दमली आहे. थांबला नाही तर गादी कडक झाली किंवा तिच्यावर भोकाचा खोल ठसा उमटला आहे, ती बदला.

सूर

आता ज्याच्यासाठी सगळे शिबिराला येतात ते काम. सूरपट्टी, म्हणजे सूर बसवलेली फळी, बाहेर काढली की ८४ पितळी जिभा ओळीनं दिसतात आणि प्रत्येकीला बोट लावून बघायचा मोह होतो. लावू नका. बोटाचा घाम पितळेवर राहतो आणि तिथं पुढे हिरवट डाग पडतो.

मुका सूर बहुतेक वेळा मेलेला नसतो, त्यात धूळ अडकलेली असते. जीभ आणि चौकट यांच्यात जेमतेम कागदाइतकी फट असते, एखादा केससुद्धा पुरतो. ब्लेडच्या टोकानं जीभ अगदी किंचित उचला, खालून पातळ कागदाची पट्टी मुळापासून टोकाकडे ओढून घ्या, ब्रश फिरवा. पुष्कळदा तेवढ्यानं काळी दोन बोलू लागते, आणि तो क्षण मला अजून तितकाच आवडतो. पितळ काळं पडलं म्हणून चिंच, लिंबू किंवा भांड्यांची पावडर लावू नका. आमच्या घरात समई तशीच उजळते, पण सुराची जीभ इतकी पातळ असते की आंबटानं गेलेलं पितळसुद्धा सूर हलवतं. तेलही नको, त्यावर धूळ बसते.

सूर खरखरत असेल तर तो काढून उजेडाकडे धरा. जिभेच्या दोन्ही बाजूंना प्रकाशाची सारखीच बारीक रेघ दिसली पाहिजे. एका बाजूची रेघ नाहीशी झाली असेल तर जीभ चौकटीला घासते आहे. मुळाशी, रिव्हेटच्या जवळ अगदी हलकं ढकलून ती मध्यावर आणायची. उशिरा बोलणाऱ्या सुराचं टोक चौकटीत फार खाली गेलेलं असतं, ते किंचित वर घ्यायचं. ‘किंचित’ म्हणजे किती, हे लिहून सांगता येत नाही. शिबिरात मिस्त्रींनी माझं बोट धरून दोनदा करून दाखवलं, तिसऱ्यांदा मी जास्त उचललं आणि सुराला दुप्पट हवा लागू लागली. एवढ्यासाठी तरी शिबिराला जावं.

एक धोक्याची खूण. कालपर्यंत बरोबर असलेला सूर आज एकदम बराच उतरला असेल, तर तो चढवायला बसू नका. जिभेच्या मुळाशी चीर गेलेली असते आणि ती लवकरच तुटणार. तसा सूर बदलावाच लागतो. नवा त्याच स्वराचा आणि शक्य तर त्याच घडणीचा घ्या. गुजरातेतल्या पालिताण्याचा असेल तिथं पालिताण्याचा. मालकानं ‘जर्मन सूर आहेत’ असं सांगितलं तर त्या पेटीच्या सुरांना पहिल्या दोन वर्षांत हात लावू नका. तसे सूर परत मिळवणं फार कठीण आहे.

कानस हातात घेताना

जिभेच्या टोकाकडचं पितळ घासलं की टोक हलकं होतं, जीभ जलद हलते आणि सूर चढतो. मुळाकडचं घासलं की जीभ नरम पडते आणि सूर उतरतो. नियम एवढाच. पण घासलेलं पितळ परत येत नाही, म्हणून भंगार पेटीचे पंचवीस-तीस सूर संपवल्याशिवाय कुणाच्या पेटीवर कानस चालवायची नाही.

जिभेखाली ब्लेड सरकवून तिला आधार द्या. कानस लांबीच्या दिशेनं चालवा. आडवे ओरखडे पडले तर तिथूनच चीर जाते. दोन-तीन हात, मग थांबा. घासल्यानं पितळ तापतं आणि तापलेला सूर खोटं सांगतो. सूर पेटीत परत बसवून, झाकण ठेवून, नेहमीच्या जोरानं भाता मारून मोजा. बाहेर तोंडानं फुंकून बरोबर आलेला सूर आत वेगळा बोलतो, आणि भात्याचा जोर बदलला तरी थोडा हलतो.

ट्यूनरवर मधल्या सप्तकातली पांढरी सहा ४४० हर्ट्झला धरा आणि आधी एकच ओळ, बहुधा नराची, पूर्ण मिळवून घ्या. दुसरी ओळ ट्यूनरनं नाही, कानानं मिळवायची. दोन्ही स्टॉप उघडून एक पट्टी दाबली की सुरात लाट ऐकू येते. एक सूर ४४० आणि दुसरा ४४२ असेल तर सेकंदाला दोन लाटा. जवळ येतील तशी लाट लांबत जाते आणि मग थांबते. हे ऐकायला रात्रीची वेळ बरी, पंखा बंद ठेवून.

गाणाऱ्या माणसाला ट्यूनरनं मिळवलेला गंधार खटकतो, आणि त्याचं खटकणं खरं असतं. पेटीत सप्तकाचे बारा सारखे भाग केलेले असतात, त्यामुळे शुद्ध गंधार तंबोऱ्यात आपोआप उमटणाऱ्या स्वयंभू गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट चढा बसतो (शेजारच्या दोन सुरांमधलं अंतर १०० सेंट). आकाशवाणीनं १९४० साली पेटीवर बंदी घातली, ती १९७१ पर्यंत होती. तिच्यामागे मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, येत नाही आणि स्वर ठरलेले आहेत हेच आक्षेप होते. एकच माणूस कायम एकाच पट्टीत गात असेल तर गंधार उतरवून देता येतो. भजनी मंडळाच्या पेटीत मात्र तसं करू नका. तिथं एक बुवा काळी एकमध्ये गातात तर दुसरे पांढरी चारमध्ये, आणि एकाचा गोड गंधार दुसऱ्याचा बेसूर षड्ज होतो.

घरी आल्यावर

पहिल्या महिन्यात तीच भंगार पेटी चार वेळा पूर्ण खोला आणि बंद करा. पहिल्यांदा मला दोन दिवस लागले, चौथ्यांदा एक दुपार. मग ओळखीच्यांच्या पेट्या घ्या, फक्त साफसफाई, गाद्या, स्प्रिंगा आणि भात्याची ठिगळं यांसाठी. प्रत्येक पेटीची वहीत एक पान: कशी आली, काय केलं, सहा महिन्यांनी कशी आहे. सहा महिन्यांनंतरची नोंद फार शिकवते, माझ्या घासलेल्या पट्ट्यांनी तेच केलं. सीझन संपल्यावर वही घेऊन मिस्त्रींकडे एक दिवस जा. तुम्ही विचाराल ते प्रश्न आता खरे असतील.

परदेशातल्या मराठी मंडळींना हे काम आमच्यापेक्षाही जास्त उपयोगी आहे. तिथं पेटी नेऊन द्यायला जवळ कोणी नसतं आणि भारतात पाठवणं महागात जातं. त्यांचा त्रास आमच्या उलट: हिवाळ्यात घर तापवल्यानं हवा कोरडी होते, लाकूड आकसतं, सूरपट्टीला चीर जाते. तिकडे पेटी हीटरपासून लांब, पेटाऱ्यात बंद ठेवा.

पैसे घ्या. फुकट केलेलं काम लोक घाईनं मागतात, आणि घाईत सूर बिघडतात. आधी झाकण बंद ठेवून केलेली यादी मालकाला वाचून दाखवा, काय करणार आणि काय करणार नाही ते सांगा. बदललेले जुने सूर काडेपेटीत घालून, वर पट्टीचा आणि ओळीचा आकडा लिहून पेटीबरोबर परत द्या. पुढे कधी त्या पेटीला मोठा कारागीर लाभला तर त्याला त्या जिभा बघूनच कळेल की नवा सूर कशाच्या जागी बसवलाय.